सोडून यावं लागलं

माधवीताई,

परवा सगळ्यांनी मिळून तुम्हाला शांत करून टाकलं.

वॉर्डाच्या कम्युनिटी सेंटरमधली ती खोली तुम्हाला माहीत आहे, गणपतीला आपण घेतो तीच. दाराशी चपलांची रांग, टेबलावर तुमचा जांभळ्या साडीतला फोटो, आणि एकेक जण उठून सांगतोय, ताई किती शांत होत्या. किती समजूतदार. कधी कोणाला दुखावलं नाही हो त्यांनी. मी मागच्या खुर्चीत पर्सचा पट्टा हाताला गुंडाळत बसले होते. मला ओरडावंसं वाटत होतं, की तुम्ही सगळे ज्या बाईबद्दल बोलताय ती कोण? मला दुखावलंय ना त्यांनी! इतकं दुखावलंय की कितीतरी महिने मी त्यांच्या बिल्डिंगच्या बाजूचा रस्तासुद्धा टाळत होते. आणि एका मोठ्या वकिलाला त्यांनी भर कोर्टात असं दुखावलंय की तो लालबुंद झाला होता. ते नाही का कोणी सांगत?

ते कोणी सांगणारच नव्हतं. सकाळीच मंडळाच्या एका काकांचा मला फोन आला होता. “वैशाली, तू बोलशीलच दोन शब्द. पण ते कोर्टाचं वगैरे नको काढूस हं. अशा वेळी बरं दिसत नाही.”

बरं दिसत नाही! तुमच्या आयुष्यातली सगळ्यात सरळ, सगळ्यात धाडसाची गोष्ट, आणि ती सांगितलेली बरी दिसत नाही.

निखिलला इथे पोस्टडॉक मिळाली आणि नवऱ्यामागून मी मिरजेचं हॉस्पिटल सोडून जपानात, सेंदाईला आले, तेव्हा माझ्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटला इथे काही किंमत नव्हती. तुम्ही मला तुमच्या जेवणाच्या टेबलाशी बसवून जपानी शिकवलंत. कचरा वेगळा करण्याचं नगरपालिकेचं पत्रक हे माझं पहिलं पाठ्यपुस्तक. आणि जपानी शिकवता शिकवता तुम्ही माझं मराठीही सुधारत होतात, हे तर अजबच. मी एकदा “माझी मदत कराल का?” म्हणाले, तर तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. “मला मदत कराल का. ‘मला’. हिंदी सीरिअल बघत असशील तर बंद कर.” मला तेव्हाही राग आला होता. तुमचा राग मला पहिल्यापासून येतो. आणि तरी दर वेळी उठताना मी तुमच्याकडच्या डब्यातली एक चकली तोंडात टाकून, दुसरी पदराआड लपवल्यासारखी जॅकेटच्या खिशात घालून निघायची, आणि तुम्ही न बघितल्यासारखं करायचात.

तुम्ही शिकवलेल्या जपानीवर मला केअर होममध्ये काम मिळालं. म्हाताऱ्यांना जेवू घालणं, आंघोळी, उठवणं-बसवणं. नर्स होते ती आया झाले असं माझ्या आईला वाटलं. मला नाही वाटलं, कारण तिथे ओनोदेरा-सान होत्या.

ओनोदेरा-सान किनाऱ्यावरच्या गावच्या. मोठ्या भूकंपानंतरच्या त्सुनामीच्या लाटेत त्यांचं घर गेलं, नवरा गेला. मग तात्पुरत्या घरांच्या वसाहतीत काही वर्षं, आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यावर आमच्याकडे. त्यांची एकच सवय सगळ्या होमला माहीत होती. जमीन जराशी हलली, नुसत्या कपबशा वाजल्या, तरी त्या उठून पळायला बघायच्या. पाय चालत नाहीत हे त्या क्षणी त्या विसरायच्या. म्हणून त्यांना खुर्चीत एकटं सोडायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तसं सांगणाऱ्यांत आमचा मॅनेजर होता, हे मी कोर्टात सांगितलं आणि आता इथेही सांगते.

त्या दुपारी आंघोळीनंतर मी त्यांना कपडे बदलायच्या खोलीत खुर्चीवर बसवून केस पुसत होते. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना केस पुसून घ्यायला आवडायचं. मॅनेजर दारात आला. होमच्या नव्या माहितीपत्रकासाठी फोटोग्राफर आला होता, आणि परदेशी कर्मचारी फोटोत हवी होती.

“वैशाली-सान, एक मिनिट या.”

“ओनोदेरा-सान खुर्चीत आहेत. दुसरं कोणीतरी येऊ दे, मग येते.”

“दाइजोबु, दाइजोबु. एक मिनिटाचं काम आहे. ते थांबलेत.”

दाइजोबु म्हणजे काही होत नाही, ठीक आहे. या देशात हा शब्द मी दिवसभर ऐकते. तो त्याने दोनदा म्हटला आणि दार धरून उभा राहिला. माझ्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. त्याच अवतारात मला स्वागतकक्षात फुलांच्या कुंडीशेजारी उभं केलं आणि हसायला सांगितलं. तेवढ्यात जमीन हलली. सेंदाईत नेहमी हलते तशीच, थोडीशी. फोटोग्राफर हसून म्हणाला, बापरे. मी पळत सुटले, पण मी पोचेपर्यंत त्या पडल्या होत्या. मांडीचं हाड खुब्याशी मोडलं होतं. त्या मला म्हणत होत्या, “पळा, लवकर वर पळा.” मला! स्वतः जमिनीवर पडलेल्या, आणि मला वर पळायला सांगत होत्या.

त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या मुलीने होमवर दावा लावला.

दावा लागल्यावर होमच्या वकिलाने आम्हा कर्मचाऱ्यांना एकेकाला मीटिंगच्या खोलीत बोलावलं. साक्षीची तयारी म्हणे. तो फार सभ्य होता, ताई. चहा स्वतः ओतायचा. माझ्या नावाने त्याने जबानी आधीच टाइप करून ठेवली होती. त्यात असं होतं, की मला जपानी नीट कळत नसल्यामुळे मॅनेजरच्या बोलण्याचा मी चुकीचा अर्थ घेतला आणि स्वतःच्या मनाने खोलीबाहेर गेले. तो मला हळू, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, “यात तुमचा दोष नाही. भाषेचा आहे. आणि जे अवघड वाटेल तिथे ‘आठवत नाही’ म्हणायचं.” मी सही केली नाही. म्हटलं, मला सगळं कळलं होतं आणि मला सगळं आठवतंय.

घरी येऊन तुम्हाला फोन लावला. म्हटलं, ताई, पुढच्या मीटिंगला तुम्ही माझ्याबरोबर या. दुभाषी म्हणून नको, नुसत्या माझ्या शेजारी बसा.

“नाही येणार,” तुम्ही म्हणालात.

“का?”

“हे प्रकरण कोर्टात जाणार. मुलीचा वकील तुला साक्षीला बोलावणार. सेंदाईत मराठीची कोर्टाची दुभाषी मीच आहे. आज तुझ्या शेजारी बसले, तर तिथे बसता येणार नाही. आणि तिथे दुसरं कोणी मिळालं नाही तर तुला इंग्रजीतून बोलायला लावतील.”

“मग निदान काय बोलू ते तरी सांगा.”

“ते तर अजिबात नाही,” तुम्ही म्हणालात, आणि फोन ठेवलात. नंतर उचललाही नाहीत. तुम्ही कोर्टाला कळवलंत, की साक्षीदार माझ्या ओळखीची आहे, नात्याची नाही. दोन्ही बाजूंनी चालेल म्हटलं. ते चालावं म्हणून तुम्ही साक्षीच्या तारखेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. दिवाळीत समोरासमोर आलो तेव्हा नुसती मान हलवलीत. मी एकटी त्या होममध्ये रोज कामाला जात होते, ताई. माझ्या शेजारी जेवायला कोणी बसत नव्हतं. मला तेव्हा नियम नको होते, तुम्ही हव्या होतात. हा राग माझा अजून गेलेला नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून तो जावा असं मला वाटतही नाही.

साक्षीच्या दिवशी तुम्ही काळा सूट घातला होता. मी तुम्हाला कधी सुटात पाहिलं नव्हतं. तुम्ही उभं राहून शपथ घेतलीत, जे ऐकेन तेच सांगेन, आणि माझ्याकडे असं बघितलंत, जशी मी बसमध्ये भेटलेली कोणी बाई आहे. मुलीच्या वकिलाचे प्रश्न सोपे गेले. मग होमचा वकील उठला. तोच, चहा ओतणारा.

“खोलीतून बाहेर पडताना ओनोदेरा-सान कोणत्या स्थितीत होत्या?”

मी मराठीत म्हणाले, “खुर्चीत बसलेल्या होत्या. त्यांना तशाच सोडून यावं लागलं.”

आणि तुम्ही जपानीत सांगितलंत, की त्यांना तशाच सोडून आले.

मी ऐकलं. माझं जपानी तुम्हीच शिकवलेलं. ‘लागलं’ कुठे गेलं? मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही वहीवर बघत होतात. वकील पुढे सरसावला होता. “म्हणजे तुम्ही सोडून आलात. तुम्हाला माहीत होतं की त्यांना एकटं सोडायचं नाही, आणि तरी तुम्ही सोडून आलात. हो किंवा नाही?” पुढचा सगळा वेळ त्याने तेच एक वाक्य धरून मला सोलून काढलं. मग म्हणाला, आणि नेमका त्याच वेळी धक्का बसेल हे कोणाला माहीत असणार? सेंदाईत! त्या कोर्टाच्या भिंतीलासुद्धा भूकंपाची भेग होती, आणि हा माणूस विचारत होता की सेंदाईत जमीन हलेल हे कोणाला माहीत असणार. कोणी हसलंसुद्धा नाही.

बाहेर बसस्टॉपवर मी तुम्हाला गाठलं.

“तुम्ही ‘लागलं’ गाळलंत.”

तुमचा चेहरा पांढरा पडला होता. आता वाटतं, तुम्हाला तिथेच शंका आली असणार. पण तुम्ही म्हणालात, “प्रकरण संपेपर्यंत मी तुझ्याशी बोलू शकत नाही.”

“मला ‘मला’ आणि ‘माझी’ शिकवत होतात! आणि एवढा शब्द, एवढा एकच शब्द...”

“वैशाली, बस आली.”

हे तुम्ही मला म्हणालात. बस आली. मी त्या बसमध्ये चढले आणि ठरवलं की तुमच्याशी पुन्हा कधी बोलायचं नाही.

पुढच्या तारखेला मला यायची गरज नव्हती. मुलीच्या वकिलाने निरोप पाठवला, या, म्हणून गेले. मागच्या बाकावर बसले. सुरुवातीलाच तुम्ही उभ्या राहिलात. तोच काळा सूट. तुम्ही न्यायाधीशांना वाकून नमस्कार केलात आणि म्हणालात, “मागच्या वेळी माझ्याकडून एक शब्द सुटला. साक्षीदाराने ‘सोडून आले’ असं म्हटलं नव्हतं. ‘सोडून यावं लागलं’ असं म्हटलं होतं. मराठीत हा फरक फार मोठा आहे. चूक माझी आहे, साक्षीदाराची नाही. नोंद दुरुस्त करावी.”

होमचा वकील ताडकन उठला. त्याची सभ्यता तिथे संपली. दुभाषी साक्षीदाराच्या ओळखीची आहे, एकाच गावच्या लोकांसारखी यांची ऊठबस आहे, आता मागाहून शब्द घुसवले जात आहेत, असं तो बोलत गेला. तुमच्या वयाचा, तुमच्या इतक्या वर्षांच्या कामाचा त्याने काहीही मुलाहिजा ठेवला नाही. “या बाईंचं जपानी या कामाला पुरेसं आहे का, हाच प्रश्न आहे,” असंही म्हणाला. भूकंपानंतरच्या त्या दिवसांत ज्या तुम्ही निवारा झालेल्या शाळांच्या जिम्नॅशियममध्ये परदेशी मुलांना धीर देत, त्यांच्या घरी फोन लावून देत फिरलात, सगळे भारतीय विमानं पकडून जात असताना इथेच राहिलात, त्या तुमचं जपानी पुरेसं आहे का! मी बाक घट्ट धरून बसले होते.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, “ध्वनिमुद्रण आहे. दुसऱ्या कोणत्याही मराठी जाणकाराला ऐकवावं. मी चूक केली आहे, एवढंच मी सांगते आहे.”

तेव्हा तो लालबुंद झाला. कारण त्याला भांडायचं होतं आणि तुम्ही भांडत नव्हतात. तुम्ही फक्त स्वतःला दोषी ठरवत होतात.

न्यायाधीशांनी मला पुन्हा साक्षीला बोलवायचं ठरवलं. त्या वेळी दुभाषी म्हणून तुम्हाला बसू दिलं नाही. मला विचारलं, स्वतः जपानीत सांगाल का? तुम्ही मागे प्रेक्षकांत बसला होतात. ‘जावं लागलं’ याचं जपानी रूप किती लांबलचक आहे, तुम्हाला आठवतं ना, जीभ अडखळते म्हणून मी तुमच्या टेबलाशी रडकुंडीला यायची. ते मी त्या दिवशी म्हटलं. इकानाकेरेबा नारिमासेन देशिता. न्यायाधीशांनी विचारलं, कोणामुळे? मी मॅनेजरचं नाव घेतलं. तो दाइजोबु कसा म्हणाला, दार कसं धरून उभा राहिला, कोणत्या कुंडीशेजारी मला हसायला लावलं, सगळं सांगितलं. व्याकरणाच्या चुका झाल्या असतील. कोणीही मला कळलं नाही असं म्हणालं नाही.

त्यानंतर होमने तडजोड केली. मॅनेजर मुलीसमोर माफी मागत वाकला. ओनोदेरा-सान तोवर हयात नव्हत्या. तो वाकला तो मुलीच्या हातातल्या फोटोसमोर. मग त्याची त्याच संस्थेच्या दुसऱ्या होमवर बदली झाली, तिथेही तो मॅनेजरच आहे. माझं कंत्राट पुढे चाललं नाही. आणि तुम्हाला कोर्टाने पुन्हा बोलावलं नाही. काढलं असं कोणी म्हणालं नाही, पत्र आलं नाही, नुसतं बोलावणं थांबलं. झाल्या गोष्टीची वाच्यता करायची नाही असं दोन्ही पक्षांत ठरलं म्हणतात. मी पक्ष नव्हते. मी बोलणार.

प्रकरण संपलं त्या दिवशी तुमचा फोन आला. मी उचलला नाही. मग महिने गेले, आणि तुमच्या पोटात गाठ निघाली तेव्हा मी बातमी ऐकली तशी हॉस्पिटलमध्ये आले. इतर लोक फळं आणत, मी तुमच्या उशा नीट लावल्या, तुम्हाला कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली. ते मला येतं. आणि तुम्हाला कुशीवर वळवता वळवताच मी भांडण काढलं.

“दुरुस्ती करणार होतात, तर मला आधी सांगितलं का नाहीत? मधले इतके दिवस मला वाटत राहिलं की तुम्ही मला बुडवलंत.”

“तुला सांगितलं असतं,” तुम्ही दम घेत म्हणालात, “तर ती आपण दोघींनी ठरवलेली दुरुस्ती झाली असती. तो वकील म्हणत होता तेच खरं झालं असतं.”

“आणि बसस्टॉपवर? एक नजर तरी? एवढं तरी, की बघते मी?”

“ते तुझं बरोबर आहे,” म्हणालात. “पाणी दे जरा.”

मी पाणी दिलं. तुम्ही दोन घोट घेतलेत आणि झोपलात. मला अजून बोलायचं होतं. मला विचारायचं होतं, तुमचं काम गेलं त्याचं काय, तुम्हाला राग येत नाही का, तुम्ही घरी येऊन रडलात का. आणि त्या सगळ्याच्या शेवटी मला एक वाक्य म्हणायचं होतं, की ताई, तुमच्या जागी मी असते तर गप्प बसले असते. ते राहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही फारशा शुद्धीवर नव्हतात.

म्हणून परवा त्या खोलीत माझी पाळी आली तेव्हा मी काकांकडे बघितलं नाही. मी सगळं सांगितलं. मॅनेजर, फोटो, गाळलेला शब्द, काळा सूट, तो वकील काय काय म्हणाला ते शब्दाला शब्द. लोक माना खाली घालून बसले होते. शेवटी कोणीतरी घाईघाईने पसायदान सुरू केलं.

तुमचा ओंकार पहिल्या रांगेत होता. नागोयाहून आलेला, ऑफिसचाच काळा सूट घातलेला. त्याचं मराठी तुम्हाला माहीतच आहे, ऐकतो अर्धं आणि बोलतो पाव. बाहेर पडल्यावर तो माझ्यामागून आला. त्याला स्टेशनवर जायचं होतं, आम्ही एकाच बसमध्ये बसलो. तो जपानीत म्हणाला, “मघाशी तुम्ही बोललात ते मला नीट कळलं नाही. आई कोर्टाचं काम का करत नाही विचारलं, तर म्हणायची, वय झालं. काय झालं होतं?”

मी त्याला पहिल्यापासून सांगायला लागले. जपानीत. तुमच्या पोराला तुमची गोष्ट परक्या भाषेत सांगताना मला आधी कसंतरी वाटत होतं. पण मग त्या वकिलाचं बोलणं आलं, तुमचं जपानी पुरेसं आहे का ते, आणि मी बघितलं तर ओंकारच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. तो एकदम मराठीत बोलला, मोडकं, मोठ्याने, की अख्खी बस वळून बघायला लागली.

“माझी आईला? असं म्हणाला तो? माझी आईला?”

त्याचं व्याकरण मी सुधारलं नाही. त्याचं स्टेशन आलं, गेलं, तो उठलाच नाही. म्हणाला, “पुढे सांगा.” माधवीताई, तुमच्यासाठी माझ्याइतकं चिडलेलं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. मी सरकून त्याच्याकडे तोंड केलं आणि पुढे सांगायला लागले.

तुमची,
वैशाली